एक सूत सैल

आष्टा, मंगळवार, १९७४

“पेडल पुन्हा दाबा,” भाऊ गाडीखालून म्हणाले. शेजारचे भाऊ पलटणीत मेकॅनिक होते. आमच्या जुन्या पिकअपला दुसऱ्याच गाडीचा क्लच सिलिंडर बसवलाय. पेडलपासून सिलिंडरला जाणारा रॉड लांब पडला, तो त्यांनी कानशीने घासला.

“एक सूत, पाव इंचाच्या निम्मं, सैल लागतंय,” मी म्हणालो.

“लागू दे की मास्तर. तेवढी मोकळीक न्हाई तर क्लच जळंल. पोरांस्नी मधली सुट्टी देताच न्हवं?”

ते गेले. उद्या सांगलीला माझ्या आक्काचं ऑपरेशन. वाटेत गाडी थांबली तर? ते एक सूत डोक्यातून जाईना. शेवटी मीच रॉडचा नट आवळला. बरं केलं का?

बुधवार. सकाळी भाऊंनी पेडल दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. नट पुन्हा सैल केला आणि स्टिअरिंगवर स्वतः बसले. मी मागे, आक्काजवळ. वेळेत पोचलो.