लाल दोरा, कडक माल

मामांचं दुकान,
मंगळवार, ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं आयुष्य आज सकाळी पावणेअकरा वाजता बदललं. वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण मी तेव्हा घड्याळाखालीच स्टुलावर उभा राहून बाटल्या पुसत होतो. ती आत आली आणि मालिशच्या तेलाची बाटली मागितली. समोरच्या सांधेदुखीच्या दवाखान्यात ती फिजिओ आहे. तिची बोटं म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर वाया जातात, एवढंच सांगतो. बाकी तुझ्या कल्पनेवर सोडतो.

तुला दुकानाची रीत माहीत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे दालचिनीचं तेल दोन तऱ्हांचं. सालीतून वाफेवर उतरवलेलं निव्वळ तेल म्हणजे 'कडक'. त्याचा एक थेंब दोनशे थेंब तीळतेलात मिसळला की झालं 'मऊ', ते मालिशचं. दोन्हींची बाटली तीच, तपकिरी काचेची. लेबलही तेच, कारण मामांनी ते एकदाच छापून घेतलं आणि गठ्ठा अजून संपलेला नाही. फरक फक्त मानेचा. कडक बाटलीच्या मानेला लाल दोरा. तो एकतीस वर्षं दोरेकाका बांधतात. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांनाही आठवत नसेल.

मामा रोज तेच तेच सांगतात. कडकला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, जवळ काडी ओढायची नाही, दार उघडं ठेवायचं, वासावर भरवसा ठेवायचा नाही कारण महिन्याभरात इथे प्रत्येकाचं नाक मरतं. ताई, झाडाची साल ती. त्यात एवढं भ्यायचं काय? कॉलेजातला तो रसायनवालाही असाच होता, 'लेबल तीनदा वाच, मग बाटली उचल.' म्हणून तर मी त्याच्या तोंडावर दार आपटून आलो.

असो. मऊ बाटली नुसती कागदात गुंडाळून तिला द्यायची, हे मनाला पटेना. मग मी तिला एक लाल दोरा बांधला. छान फुलासारखी गाठ मारली. काका चहाला गेले होते आणि रीळ त्यांच्या खणात कुलपात होतं, पण इच्छा असली की दोरा सापडतो. तिने गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी विचारणार तोच दवाखान्यातून तिला हाक आली. ताई, त्या नजरेत प्रश्न होता.

माझ्यावर लोभ आहेच, पण या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझा,
धाकटा

वॉर्ड क्र. ४,
शुक्रवार, ता. ६

चि. काडेपेटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तू सुतावरून स्वर्ग गाठतोस हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी सूत लाल आहे, एवढीच प्रगती.

तुझ्यासारख्या काडेपेटीला तेलाच्या दुकानात ठेवायची कल्पना आईची होती, माझी नव्हे, याची नोंद असावी. मी वॉर्डात नर्स म्हणून चौदा वर्षं काढली आहेत. 'झाडाचंच तर आहे' म्हणून आलेली माणसं मोजायला बसले तर दुसरी वही लागेल. कुणी दाढेला निव्वळ तेल लावून हिरडी भाजून घेतलेली, कुणी पोराच्या नाकाखाली चोळून त्याचा श्वास अडकवलेला. झाड बिचारं ते तेल किड्यांना पळवायला बनवतं. तुझ्या प्रेमासाठी बनवत नाही.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे. नजरेतला प्रश्न तिचा तिला ठेव, हा माझा आहे. रीळ कुलपात होतं, तर दोरा आणलास कुठून?

मामांच्या पाठीचं काय? थंडी पडली की त्यांची कंबर धरते. त्यांना जप.

तुझी,
ताई

मामांचं दुकान,
रविवार, ता. ८

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच इथे आग लागली. खरी नव्हे, मामांच्या पाठीला.

बुधवारी सकाळी ती परत आली. हातात माझी बाटली, दोरा तसाच. मी आतल्या खोलीत केस नीट करून बाहेर येईपर्यंत ती घाईत होती. माझ्या हातात घडी घातलेली चिठ्ठी ठेवली आणि लगेच वाचा म्हणाली. तिची पहिली चिठ्ठी, ताई. अशी चिठ्ठी काउंटरवर उभं राहून, कोपर तेलात बुडवून वाचायची असते का? मी ती खिशात ठेवली. म्हटलं, संध्याकाळी अंघोळ करून, बाकावर बसून वाचू.

दुपारी मामांची कंबर धरली. मऊने चोळून दे म्हणाले. मी खालच्या फळीवरची बिनदोऱ्याची बाटली उघडली, हातमोजे होतेच, आणि भरपूर ओतलं. आपल्या माणसाला काय थेंब मोजून द्यायचे. मिनिटभर मामा म्हणाले, आज चांगलं लागतंय. पुढच्या मिनिटाला जे म्हणाले ते लिहीत नाही. मी घागरभर पाणी ओतलं. त्याने ते पाठभर पसरलं. ओरडा ऐकून समोरून तीच धावत आली. तिने मला बाजूला सारलं, साध्या तीळतेलाच्या बोळ्यांनी सगळं टिपून काढलं, मग साबण, मग पाणी. मामा तेव्हापासून पालथे आहेत. पाठ भाजल्यासारखी लालभडक, दोन जागी फोड.

आणि दोष कुणाचा? दोरेकाकांचा. कडक बाटली बिनदोऱ्याची राहिलीच कशी? एकतीस वर्षांत एक चूक, पण चूक ती चूकच. मामांनी पालथ्या पालथ्याच निकाल दिला, महिनाअखेर काकांनी घरी बसावं. ते एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. वय झालं, राहिला असेल, एवढंच म्हणाले. माझं तर डोकंच फिरलं. माणसाने जरा तरी भांडावं की नाही?

चिठ्ठी संध्याकाळी वाचली. त्यात माझ्याबद्दल काही नव्हतं.

दोऱ्याचं विचारलं होतंस. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर.

लोभ पातळ करून का होईना, असू द्यावा.

धाकटा

वॉर्ड क्र. ४,
बुधवार, ता. ११

चि. धाकट्यास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी मिळतील, वाट पाहा.

चिठ्ठीत काय होतं ते मी इथूनच सांगते. तिने लिहिलं असणार की लाल दोऱ्याच्या बाटलीत मऊ निघालं, मग दुकानात कुठल्या तरी बिनदोऱ्याच्या बाटलीत कडक असणार, ती आधी शोधा. चुकत असेन तर कळव. मुलगी हुशार आहे. म्हणून तुला काळजी वाटायला हवी.

दोऱ्याचं सविस्तर लिहायची गरज नाही. एका बाटलीवरून दोरा सुटला आणि दुसरीवर बसला, एवढंच ना? त्याला तू प्रेम म्हणालास. आमच्या वॉर्डात तो शब्द वेगळा आहे.

पाठीवर मारावं पण पोटावर मारू नये म्हणतात. तू मामांच्या पाठीवर मारलंसच, आता काकांच्या पोटावर मारतोयस, आणि वर त्यांनीच भांडावं अशी तुझी इच्छा. तू कॉलेजात दार आपटलंस तेव्हा मी आईपाशी तुझी बाजू घेतली. म्हटलं, तापट आहे, खोटा नाही. माझं ते वाक्य खोटं पाडू नकोस.

पाण्याने तेल जात नाही, पसरतं. आता तरी लक्षात ठेव.

मामांच्या फोडांना काही लावू नका, स्वच्छ फडकं सैल ठेवा, डॉक्टरांना रोज दाखवा. आशीर्वाद आहेत, फक्त राखून ठेवले आहेत.

ताई

मामांचं घर,
शनिवार, ता. १४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठीत अगदी तेच होतं. तू शब्दसुद्धा फारसे चुकली नाहीस.

तुझ्या पत्राने मी सुधारलो असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण खरं ते सांगतो. तुझं पत्र वाचून मी चिडलो, फाडलं, आणि तुकडे टाकायला मागच्या खोलीत गेलो. तिथे दोरेकाका एकटे बसले होते. कडक बाटल्यांच्या माना एकेक बोटाने चाचपत होते. शेवटच्या बाटलीपर्यंत गेले की पुन्हा पहिलीपासून. सगळ्यांना दोरा होता, ताई. त्यांना तो दिसत होता. तरी पुन्हा पहिलीपासून. मला पाहून म्हणाले की अलीकडे बोटांवर विश्वास राहिला नाही.

आयुष्य बदलल्याची जी वेळ तुला लिहिली होती ना, पावणेअकराची, ती चुकीची होती. आयुष्य बदललं ते दहा-अकरा मिनिटांनी, मी खालच्या फळीवरच्या बाटलीची गाठ सोडली तेव्हा. घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

काकांना हाताला धरून वर मामांच्या खोलीत नेलं आणि दोघांसमोर सांगितलं. मामा उशीत तोंड खुपसून होते.  त्यांनी एकच विचारलं, त्या बुधवारचं आज दहा दिवसांनी का?  त्यांनी काकांची माफी मागितली, पालथ्या पालथ्याच, आणि मला दुकानाची किल्ली उशाशी ठेवायला सांगितलं.

ती खालीच होती, मामांची पाठ बघायला आलेली. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, तिला हे त्या बुधवारपासूनच माहीत होतं. मी कधी सांगतो तेवढंच बघायचं होतं. मग तिने लाल दोऱ्याची बाटली परत केली. चांगलं तेल होतं, पण दवाखान्यात त्या दोऱ्याला कुणी हात लावेना, म्हणाली. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणंसुद्धा दुकानाचंच होतं, ते ठेवून आलो.

सोमवारी कॉलेजात त्या रसायनवाल्याला भेटणार आहे. घेईल की नाही माहीत नाही. आईला तू सांग, मी सांगितलं तर पसरेल.

राखून ठेवलेल्यातला थोडा आशीर्वाद पाठवावा, थेंबभर चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. पिशवी भरून निघत होतो तेव्हा दोरेकाका रीळ घेऊन आले. बाटलीच्या मानेला बांधतात तसा माझ्या गळ्याच्या बटणाला त्यांनी लाल दोरा बांधला, दोनदा ओढून पाहिला, आणि म्हणाले, "कडक माल आहे. पातळ झाल्याशिवाय कुणाच्या अंगाला लागू नकोस." मला हसू आलं की काय ते कळेना. आत मामांचा नुकता डोळा लागला होता. मी बाहेर आलो आणि दार, आवाज न करता, ओढून घेतलं.