तीन नंबरचा व्हॉल्व्ह

मिस्त्री, डॉक्टरांची ती बिनपाण्याची, मागं इंजिन असलेली गाडी परवा परत आली. विश्रामबागेतल्या बंगल्याच्या शेडमध्ये इतकी वर्षं झाकून ठेवली होती. डॉक्टर गेले, आणि आता त्यांची मुलगी ती चालवायची म्हणते. तीच मुलगी, जिच्या लग्नाला साताऱ्याला जाताना गाडी कराडच्या पुढं बंद पडली आणि जी शालू नेसून हायवेच्या कडेला उभी राहिली होती. आता तिचे केस पिकलेत. सांगलीत कुणाकडून तरी गाडी चालू करून घेतली, आष्ट्यापर्यंत स्वतः चालवत आणली आणि इंजिन बंद न करताच मला म्हणाली, "ऐका. मागून टकटक येतेय. हा आवाज तेवढा घालवा."

आवाज कुठला ते तिथंच कळलं, तरी तुमच्याच पद्धतीनं गेलो. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक टक, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा टॅपेटच, आणि डाव्या अंगाचा. गाडी ठेवून जायला सांगितल्यावर तिला नवल वाटलं, एवढ्याशा कामाला मुक्काम कशाला? मी तुमचंच उत्तर दिलं, की ह्या इंजिनात पाणी नाही, तापलं की सगळं फुगतं आणि फुगलेल्या इंजिनाचं माप खोटं येतं. सकाळी चहाच्या आधी झाकणावर हात ठेवला. "हाताला ऊब लागली तर ढाकण उघडायचं न्हाई, गिऱ्हाईक बोंबलंना का," असं तुम्ही म्हणायचात. गार होतं. उघडलं तर तीन नंबरच्या टॅपेटचा स्क्रू झिजलेला, आणि व्हॉल्व्हच्या टोकाशी जिथं केसाएवढी फट हवी तिथं फट मोजायच्या गेजची दोन पाती एकदम जावीत इतकी ढिलाई. स्क्रू बदलला. आठही टॅपेट तुमच्या फिलर गेजनं लावले.

लग्नाच्या आधी आठ दिवस डॉक्टर आले होते ते आठवतं का? तुम्ही टॅपेट लावलेत, फट बरोबर ठेवलीत, आणि गाडी तरी बारीक वाजत होतीच. डॉक्टर नाराज. "मिस्त्री, वऱ्हाड हसेल हो मला, शिवणयंत्रावर बसून आले म्हणून." तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणता, "सायेब, वाजतंय तवर बरं हाय. गप झालं की समजा जळालं." डॉक्टरांना ते पटत नाही. ते माझ्याकडं बघतात. मी सव्वीस वर्षांचा, आयटीआय होऊन तुमच्या हाताखाली लागलेला, खिशात पुण्याच्या कारखान्याचं पत्र, पंधरा दिवसांनी हजर व्हायचंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही इस्लामपूरला पार्ट आणायला गेलात आणि मी डॉक्टरांना निरोप पाठवून गाडी मागवून घेतली. आठच्या आठ टॅपेट आवळून टाकले, फट म्हणून ठेवली नाही. गाडी अशी गप झाली की डॉक्टरांनी माझे काळे हात हातात घेतले. "मिस्त्रींना नाही जमलं, तुला जमलं बघ." फार गोड लागलं ते, खोटं कशाला बोलू. तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, हे गावात कुणीतरी एकदा म्हणावं, एवढ्यासाठीच मी ते केलं होतं. डॉक्टरांची हौस वगैरे सगळं नंतर स्वतःला सांगितलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोनं ओढत आणली. नवरीला वऱ्हाडाच्या बसमधून जावं लागलं, मुहूर्त टळला, आणि डॉक्टर तुमच्यावर असे ओरडत होते की समोरच्या खताच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तुम्ही झाकण काढलंत. गेजचं सगळ्यात पातळ पातं घेतलंत. ते एकाही टॅपेटखाली गेलं नाही. आठ वेळा लावून बघितलंत, मी मोजत होतो. मग माझ्याकडं बघितलंत, आणि आता थोबाडीत बसणार म्हणून मी गाल आत ओढला. "जा, च्या सांगून ये," एवढंच म्हणालात. मी दाराशी पोचलो तेव्हा मागून ऐकू आलं, "सायेब, माझ्याच हातनं झालं. पोराला माप मीच काढून दिल्यालं, नजर चुकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तीन नंबरचा व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवलात. कडेचा नखाएवढा तुकडा जळून उडालेला. "त्येला घडीभर टेकू द्यायचं असतंय रं. बैठकीला टेकला की त्येचा जाळ इंजिनाच्या हेडात जातोय. तू टेकूच दिलं न्हाईस." मग तुमचं फिलर गेज माझ्या खिशात घातलंत, पुण्याचं पत्र होतं त्याच खिशात. "ह्ये तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. आन् जा पुण्याला गड्या, हितं थांबू नगं."

मी गेलो नाही. चार शिव्या हासडल्या असत्यात तर त्याच दिवशी एसटी धरली असती. पण तुम्ही माझी चूक अंगावर घेऊन मला मोकळं करायला बघितलंत, आणि मी तिथंच अडकलो. म्हाताऱ्याची नजर गेली असं आष्ट्यात झालं, आणि गिऱ्हाइकं येऊन सांगायला लागली, मिस्त्रींना नको, त्या पोराला हात लावू दे. तुम्ही कोपऱ्यात बसून कार्बोरेटर धूत राहिलात, जाईपर्यंत. मी टॅपेट लावत राहिलो. आज साताऱ्यापासून जुन्या गाड्या माझ्याकडं येतात, बाकावरचा तुमचा फोटो बघून लोक मला म्हणतात, गुरूचं नाव राखलंत. मुलगा पुण्याला बोलावतोय. जागेला गिऱ्हाईकही आहे. शटर ओढायला जातो आणि परत येऊन बसतो. मला हे गॅरेज आवडत नाही, मिस्त्री. कधीच आवडलं नाही. पण ज्याचं नाव मी घालवलं त्याच्याच जागेवर कुलूप लावून निघून जायचं, हेही जमत नाही.

आज सकाळी ती गाडी न्यायला आली. मी चालू करून दाखवली. तिनं कान दिला. "थोडा येतोयच की अजून."

"तेवढा येऊ दे ताई. वाजतंय तवर बरं हाय."

ती हसली. मग गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत मिस्त्रींना बोल लावायचे. नेमकं काय चुकलं होतं हो त्यांचं?" सहज विचारलं तिनं, मनात काही राग नव्हता. डॉक्टर नाहीत, तुम्ही नाही, मला विचारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो, आणि तुम्हीही.

ती गेली त्याला चार तास झाले. शटर अर्धं ओढून हे लिहीत बसलोय. तिचा नंबर समोरच्या पाटीवर खडूनं लिहिलेला आहे, तो मी अजून फिरवलेला नाही. खरं तर तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगवेना म्हणून आधी हे बाकीचं सगळं लिहिलं. त्या वेळी तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे होतात. मला गेल्या महिन्यात अठ्ठावन्न पुरी झाली. तिनं विचारलं तेव्हा मी गेज पुसत म्हणालो, "वय झालं हुतं त्यांचं."