डिक्कीत बसून ऐकलेलं

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार, आणि विहीणबाईंनाही तितकाच. इकडे सगळ्यांचं ठीक चाललंय. आमच्या हिचा गुडघा नेहमीप्रमाणे कुरकुरतो, चिरंजीव कामासाठी परगावी आहेत म्हणून सुखात आहेत, आणि कंबर सोडली तर मीही बरा आहे. (कंबरेचं कारण पुढे येईल. ते वाचून कंबरेची कीव आली तरी माझी येऊ देऊ नका.) तुमची प्रकृती कशी आहे हे एरवी मी दुसऱ्याच ओळीत विचारतो. आज विचारायला धजत नाही. फोन हातात घेतला होता, पण ठेवून दिला. तोंडाने सांगायची लाज वाटते ती गोष्ट कागदावर जरा तरी पुढे सरकते, म्हणून हे लांबलचक पत्र.

विषय तुमच्या गाडीचा आहे. म्हणजे आता आमच्या. तुम्ही ती दिलीत तेव्हा "मला आता कुठे जायचंय, पोरीला ऑफिसला जायला होईल" एवढंच म्हणालात, किल्ली टेबलावर ठेवलीत आणि बसने परत गेलात. गाडी वयस्कर, पण वळणाची. खोड एकच. पहिला गियर टाकून क्लच सोडला की पोटातून "खट्ट". रिव्हर्सला पुन्हा "खट्ट". चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून परत ठेवला की एक दबकं "खुट्".

तुम्हांला ठाऊकच आहे, मी जन्मभर विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासले. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि तो खरा निघाला तर आपलं नशीब फुटकं समजायचं, अशी तिथली शिस्त. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. हातीपायी धड माणूस चालती गाडी फुकट का देतो? उत्तर मी चहा संपायच्या आत काढलं: व्याह्यांना खटका ठाऊक होता आणि त्यांनी तो सफाईने आमच्या गळ्यात बांधला. बरं, निष्कर्ष काढून गप्प बसावं, तर तेही नाही. हिला सांगितलं, शेजारच्या पोस्टमास्तरांना सांगितलं, जिन्यात जो जो चढता-उतरता सापडला त्याला सांगितलं. आणि तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला आला होतात तेव्हा भरल्या ताटावर तुम्हांलाच म्हणालो, "व्याहीबुवा, गाडीबरोबर खटकाही दिलात, त्याचे आभार मानायचे राहिलेच." तुम्ही हसलात. लगेच तुमच्या डाव्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला कलंडला, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "चोराच्या मनात चांदणं!" ते वाक्य हल्ली दात घासतानासुद्धा आठवतं आणि ब्रश तसाच तोंडात राहतो.

तर मी तपास हाती घेतला. आधी डिक्की रिकामी केली: स्टेपनी, जॅक, विहीणबाईंची विसरलेली छत्री. खटका जागेवर. मग संशय मागच्या सीटपाठच्या फळीतल्या स्पीकरांवर गेला. ते उपटून काढले. फळीला दोन वाटोळी भोकं राहिली, गाण्यांचा आवाज गेला, खटक्याचा नाही. शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री फार उमेदीचा माणूस. गाडीखाली जाण्याआधीच त्याचं निदान तयार असतं. तो म्हणाला, "काका, क्रॉस गेलाय." इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा असतो, त्याच्या सांध्याला हे लोक क्रॉस म्हणतात. तो बदलला. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडतो न पडतो तोच "खट्ट". मग त्याने गियरबॉक्स ज्या रबरावर टेकतो ते बदललं. "खट्ट" आता जरा मोकळेपणाने येऊ लागला. मी मागे बसलो की तो मला पुढून ऐकू येई, मिस्त्री पुढे बसला की त्याला मागून. यावरून आमचं तोंडाला तोंड लागलं. तेव्हा तो सहज बोलून गेला, की खरं म्हणजे चालत्या गाडीत कोणीतरी पार मागे, तळाला कान लावून ऐकायला हवं. तो सहज बोलला. मी सहज ऐकलं नाही.

सूनबाईंना म्हटलं, मला डिक्कीत बसवून एक चक्कर मार. ती म्हणाली, "अप्पा, मला ऑफिसला उशीर होतोय, आणि असलं काही मी करणार नाही." दोन्ही कारणं रास्त होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवरत असताना मी आपण होऊनच डिक्कीत शिरलो. बरोबर टॉर्च, कानाला लावायला लांब स्क्रूड्रायव्हर आणि सोफ्यावरची उशी. ऑफिसपाशी ती उतरून गेली की झाकणाच्या कुलपाची आतली वायर ओढून बाहेर यायचं आणि बसने घरी. झाकण लावायला आमची ही आली होती. म्हणाली, "लावते, पण उद्या कोणी विचारलं तर मी तुम्हांला ओळखत नाही." आणि लावलं.

गाडी निघाली. गुडघे हनुवटीला, कान पत्र्याला. खटका येत होता, पण नेमका कुठून ते कळेना. तेवढ्यात स्पीकरच्या भोकांतून फोनची रिंग ऐकू आली, आणि मग तुमचा आवाज. तिने फोन समोर अडकवून मोठ्याने लावला होता.

व्याहीबुवा, मी कानांत बोटं घालायला हवी होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर, ही सबब मी स्वतःला देऊन पाहिली. चालली नाही.

ती विचारत होती, डॉक्टर काय म्हणाले. तुम्ही म्हणालात, "काचबिंदूच. डाव्या बाजूचं आता जवळजवळ दिसतच नाही गं. गेलं ते परत येत नाही म्हणे. उरलंय ते वाचवायला ऑपरेशन करा म्हणतात. बघू." एक सायकलवाला डावीकडून आला आणि तुम्हांला दिसलाच नाही, तो वाचला हे त्याचं नशीब, त्याच संध्याकाळी तुम्ही गाडी देऊन टाकायचं ठरवलंत, हेही तेव्हाच कळलं. ती म्हणाली, "बाबा, बघू काय? आईला तरी सांगू दे. निदान अप्पांना. ते अजून गाडीवरून बोलतात, मला ऐकवत नाही." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी शब्दशः लिहितो: "बोलू देत. कीव करण्यापेक्षा रागावलेले बरे. तुला माझी शपथ आहे."

फोन बंद झाला. गाडी सिग्नलला थांबलेली होती. तुमची लेक रडत होती. मोठ्याने नाही, नाक ओढत, घाईघाईने. मागचे हॉर्न वाजवू लागले, तिने गियर टाकला, आणि "खट्ट" अगदी माझ्या उजव्या गुडघ्याखाली वाजला. हातभर अंतरावर. आता सगळ्यात लाजिरवाणं सांगतो. त्या क्षणी मला आधी आनंद झाला. सापडला, असं मनात ओरडलो. बाकीचं त्याच्या मागून आलं, आणि आलं ते असं, की मला त्या उशीत तोंड खुपसावं लागलं.

ऑफिसात गाडी लावून ती गेली. मी वायर ओढली, ती तुटून हातात आली. हाक मारायची सोय नव्हती, कारण तिला कळलं असतं मी ऐकलं ते. म्हणून परक्या पावलांची वाट पाहत राहिलो आणि ती वाजताच स्क्रूड्रायव्हरने पत्रा ठोकला. पावलं रखवालदाराची होती. त्याला वाटलं कोणाला तरी पळवून आणलंय. त्याने शिट्टी फुंकली, माणसं जमली, गाडी कोणाची याचा पुकारा झाला. डिक्की उघडली तेव्हा समोर सूनबाई, तिच्या मागे तिचे साहेब, आणि आत मी, उशीला मिठी मारून. साहेबांनी विचारलं, हे कोण. मला वाटलं, सूनबाई आता आपल्या सासूसारखीच म्हणेल, ओळखत नाही. पण तिने मला हात दिला (कंबर तिथेच धरली) आणि रोजचीच गोष्ट असावी तशी म्हणाली, "माझे सासरे. गाडीचा आवाज ऐकत होते." मग बसथांब्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, काय काय ऐकलंत?"

"फक्त खटका," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं. विमा कंपनीत असती तर माझ्या वरच्या हुद्द्यावर गेली असती.

मागच्या चाकांचा आस ज्या दांड्यांनी गाडीला धरलेला असतो, त्यांतल्या एकाच्या टोकाचं रबर झिजलं होतं. जोर आला की आस तसूभर हले आणि लोखंडावर लोखंड आपटे. मिस्त्रीने नवं रबर बसवलं. म्हणाला, वयाने होतं, दांडा सोडवल्याशिवाय दिसतही नाही, कोणाचा दोष नाही. "कोणाचा दोष नाही" हे मी जिन्यात प्रत्येकाला थांबवून सांगितलं आहे. पोस्टमास्तरांना दोनदा. भरल्या ताटावर जे बोललो त्याला मात्र रबर मिळत नाही. क्षमा करा, असं लिहायला हे पत्र होतं. ते इतक्या खाली आलं, हीही माझीच खोड.

आपला,
तोंड दाखवायला लाजणारा व्याही

ता. क. क्षमा नाही केलीत तरी चालेल, पण ऑपरेशन करून घ्या. खरं तर पत्र त्यासाठीच. आमच्याकडे या, खोली रिकामी आहे. कीव करणार नाही, हवं तर रोज सकाळी थोडा रागावेन.

ता. क. २. पोरीला शपथेतून मोकळं करा. ती आमच्यासमोर हसते आणि सिग्नलला रडते.

ता. क. ३. पाकिटावर पत्ता घालताना लक्षात आलं, की तुम्हांला एवढं बारीक अक्षर वाचवणार नाही. हे पत्र तुम्हांला विहीणबाई वाचून दाखवत असणार. फाडून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण शपथ तुम्ही सूनबाईंना घातली होती, मला नाही. विहीणबाई, नमस्कार. आधी खाली बसा. मग ह्यांना विचारा, डॉक्टरांनी कधीची तारीख दिली आहे.