ओसाकातलं ‘बघूया’

ओसाका, १२ नोव्हेंबर

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. आईने दिलेलं कुळथाचं पीठ पुरवून पुरवून वापरते. तिचा गुडघा कसा आहे?

गेल्या महिन्यात आमच्या अमेरिकन साहेबांबरोबर दुभाषी म्हणून इथल्या एका कंपनीत मशीन विकायला गेले होते. साहेब तासभर बोलले. समोरचे म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, “विचार करू.” साहेब खूश! बाहेर येताच म्हणाले, “झालं काम, करार पाठव.” त्यांच्या अमेरिकेत नको असेल तर तोंडावर नको म्हणतात ना. मी म्हटलं, “साहेब, हा नकार आहे.” तर माझ्यावरच रागावले. काल खरंच नकाराचं पत्र आलं, तेव्हा विचारतात, “तुला कसं कळलं?”

काय सांगू त्यांना? देवरूखला कुणी आपली काजूची बाग विकत मागितली की तुम्ही सुपारी कातरत “बघूया” म्हणता, आणि तो माणूस चहा संपवून मुकाट निघून जातो.

रविवारी फोनवर मी तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं विचारलं, तेव्हाही तुम्ही “बघूया” म्हणालात.

बाबा, मी अमेरिकन नाही. डॉक्टरांकडून तारीख घ्या.

तुमचीच मुलगी,
रसिका