बाबांना मारायला ये

इतोमान,
४ सप्टेंबर

चि. मोरिओ यास दादाचे आशीर्वाद.

वादळ येऊन गेलं. दुकानाचा पत्रा उडाला, डुकराचे पाय मात्र सगळे खपले.

तुझ्या ओसाकातल्या कराटे-शाळेचं पत्रक इथवर पोचलं. काय तो गुळगुळीत कागद! हृदय बळकट होतं, हाडं टणक होतात, झोप गाढ लागते, ताण पळतो, आत्मविश्वास वाढतो. मला वाटलं, तू पोट साफ करायचं चूर्ण विकतोयस. फोटोत सगळे हसतायत. बाबा शिकवायचे त्या आपल्या अंगणात कोणी हसलेलं आठवतं तुला? वाळूच्या घागरी बोटांत पकडून फेऱ्या, आणि तीन वर्षं एकच कवायत, सांचिन: पाय रोवा, श्वास घ्या, पुढे सरका. मी कंटाळून खाटीक झालो. ताणबीण काही नाही.

पत्रक बाबांना वाचून दाखवलं. वाटलं, तेही थुंकतील त्यावर.

"खोटं काय त्यात?" म्हणाले. "मी अठ्ठ्याऐंशीचा. शेजारचा उएझु सत्तरीतच काठी टेकतो."

महिनाअखेरीला त्यांची अठ्ठ्याऐंशी साजरी करायचीय. पाहुण्यांना रिवाजाप्रमाणे शकुन म्हणून द्यायच्या, तांदळाचं माप सपाट करायच्या बांबूच्या नळ्या कापून ठेवल्यात. बाबा सर्वांसमोर सांचिन करणार. पाय ढिला पडतो का ते बघायला मागून खांद्यांवर थापा मारणार मी.

काल सराव केला. उघडे खांदे, सुक्या मासळीसारखे. बाळाला निजवतात तसं थोपटलं गेलं माझ्याकडून.

"माश्या हाकलतोस का रे?"

"बाबा, लागेल."

"लागायलाच हवं. मोरिओ असता तर मारलं असतं."

"त्यानंच अशी थाप मारून तुम्हाला चारचौघांत गुडघ्यावर आणलं होतं."

"माझा पाय ढिला होता. त्यानं ते बरोबर पकडलं. बाकीचे नुसते गोंजारत होते."

मोरिओ, हे त्यांनी नऊ वर्षांपूर्वी, त्याच संध्याकाळी मला सांगितलं होतं. 'बापाला पाडणारा' म्हणून मी तुला घराबाहेर काढलं होतं, आणि तू नाहा बंदराच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत होतास. "जा, घेऊन ये त्याला," बाबा म्हणाले. मी गेलो, कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पीत बसलो. परत येऊन सांगितलं, बोट सुटली. अंगण पुढे धाकट्याकडेच जाणार असं सगळे म्हणायचे, ते मला झोंबायचं.

पत्रक तुझं भिकारच आहे. फाडलेलं नाही.

ये. बाबांवर माझा हात उठत नाही.

त्या दिवशी धक्क्यापर्यंत न आलेला,
तुझा दादा
सेइको