जप्तीतलं पुस्तक

बेहाला, कोलकाता
५ नोव्हेंबर

चि. लीना हिस बेहाल्याच्या म्हाताऱ्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कानाचं यंत्र लावून फोन घेतला की ते शिट्टी मारतं आणि तुझं एक अक्षर कळत नाही, म्हणून पत्र.

तुझ्या भाचीचं वाढदिवसाचं पार्सल पोचलं. म्हणजे मला पोचलं. उभी हयात खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये लोकांची खोकी उघडण्यात गेली, हात गप्प बसत नाहीत. पुस्तकावर छान पांढरी फुलं. आत काय? एका पोरीची बहीण तळ्यात बुडून मरते, मोठी माणसं तिच्यापासून खरं लपवतात, आणि ही पोर एकेकाला गाठून सूड घेत सुटते. सुरुवातीलाच दोन मुडदे. वा, लीनाबाई! आई जाऊन आठ महिने झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीला याहून सुरेख भेट कुणाला सुचली नसती. सुरी वेगळी पाठवणार आहेस का?

माल जप्त केला आहे. पार्सल आलंच नाही असं ईशाला सांगितलं.

ती ठीक आहे. शाळा, क्लास, खोली. तिला त्रास नको म्हणून आईचं, वैशालीचं नाव घरात कुणी काढत नाही. पराग न्यू टाउनच्या ऑफिसातून येतो, जेवतो, लॅपटॉप उघडतो. बापलेकीत माझ्या यंत्राइतकंही बोलणं होत नाही. माझ्याशी ती बोलते ते हो, नाही, किल्ली द्या एवढंच. आणि खाण्याची थेरं विचारूच नकोस. मिष्टी दोईच्या शहरात जन्मलेली पोर, पण दह्याच्या वाटीकडे असं बघते की जणू तिच्यात पाल पडली आहे.

पुस्तक मी अर्ध्यावर आणलं आहे, निव्वळ तपासणीसाठी. माझा त्यातल्या शाळामास्तरवर संशय आहे.

लोभ आहेच, तुझी अक्कल वाढावी.
भालचंद्र


पुणे
१२ नोव्हेंबर

ती. स्व. भालचंद्रकाकांस सा. न. वि. वि. (साष्टांग तुमच्या वयाला, अकलेला नाही.)

पुस्तक मी वरची फुलं बघून मागवलं, कबूल. पाठमोरी मुलगी होती, वाटलं बागकाम शिकत असेल. पण काका, पार्सल आलंच नाही म्हणून सांगितलंत? धन्य आहे तुमची. आपण शिकणार कधी?

मार्चमध्ये काय दिवे लावले आपण? माझी बहीण लिव्हर निकामी होऊन आयसीयूत, आणि तिच्या लेकीला आपण सांगत होतो की साधी कावीळ आहे, संसर्ग होईल, दहावीचे पेपर संपले की भेट. शेवटच्या पेपरच्या पहाटे वैशाली गेली. ईशाला कळलं ते पेपर देऊन घरी आल्यावर. गणितात सत्त्याण्णव मिळाले. पेढे वाटायचे का, ते तेवढं आपलं अजून ठरायचं आहे.

तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. मेसेजला नुसता अंगठा येतो. माझ्या बहिणीचं हे एकच लेकरू, काका, आणि त्याच्या लेखी मी अंगठ्याच्या लायकीची. तिनं माझ्यावर ओरडावं, भांडावं, काहीही करावं. हे गप्प बसणं मला सोसत नाही.

पुस्तक तिला देऊन टाका. आणि अर्ध्यातच ज्याचा संशय येतो तो कधी खुनी नसतो. इतकी वर्षं कस्टम्समध्ये काय चहा पीत होतात?

लोभ असावा, जप्ती उठावी.
लीना


बेहाला, कोलकाता
२ डिसेंबर

चि. लीना हिस अ. उ. आ.

अक्षर एकदम सुधारलं ना? माझं नव्हेच ते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा व्हायचा आहे, नवा चष्मा त्यानंतर. तोवर छापलेलं सगळं मला मुंग्यांची रांग. तेव्हा मी सांगतोय आणि ईशा लिहितेय.

ऑपरेशनची तारीख आली तेव्हा पुस्तक ऐन रंगात. जीव टांगणीला लागला. शेवटी गादीखालचा माल काढून मालकिणीच्या हवाली केला आणि वाचून दाखव म्हटलं. तिनं पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की या घरात आणखी काय काय आलंच नाही आजवर. पण वाचू लागली. रोज संध्याकाळी, इंग्रजीचं तिथल्या तिथे मराठी करून. तिच्या मराठीत खुनी 'भागून' जातो, तरी धडकी भरते. आठ महिन्यांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

काल शेवटचं प्रकरण आलं. मास्तर सुटला. खरा खुनी आता उघडा पडणार, आणि बाईसाहेबांनी पुस्तक मिटलं! म्हणाली, बाकीचं तुमचा दुसरा डोळा झाल्यावर. आत्ता ताण नको. तुमच्या भल्यासाठीच सांगतेय. मी खवळलो. हा कसला छळ, माणसाला शेवट कळायला नको का, असं बरंच बोललो. तेव्हा ती म्हणाली की त्या सकाळी तुम्ही माझ्या हातावर दही-साखर ठेवलीत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकिमांनी त्यांच्या बंगाली रीतीनं माझ्या कपाळाला दही लावलं, त्यांनाही माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं, एक मी सोडून. आणि मी ते दही चाटून, तुम्हाला नमस्कार करून पेपरला गेले.

लीना, चोरीचा माल सापडला की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी जन्मभर बघत आलो. काल माझा तसा झाला असणार.

हे सगळं ती मुकाट्यानं लिहून घेते आहे. लोभ मागायला आज तोंड नाही.
भालचंद्र

ता. क. मावशी, मी ईशा. आजोबांना शेवट पाहिजे. मला पण पाहिजे. आई शेवटच्या दिवशी काय बोलली ते लिही. तू तिथे होतीस. खरं लिही, छान नको. मग मी ह्यांना ते प्रकरण वाचून दाखवीन. उत्तरात अंगठा पाठवू नकोस.


पुणे
९ डिसेंबर

चि. ईशा, मावशीचे आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तर घे.

छान नको म्हणालीस, म्हणून छान लिहिलेले कागद फाडले. त्यांत तुझी आई म्हणत होती की ईशाचा पेपर महत्त्वाचा, तिला आणू नका. ते खोटं आहे. असं ती कधीच म्हणाली नाही.

आदल्या संध्याकाळी ती चांगली शुद्धीत होती. ईशाला आणा म्हणाली. मी म्हटलं, उद्या गणित आहे, पेपर सुटला की तिला थेट इथेच आणते. तर म्हणाली, मग पेपरच इथे मागवा, मीही सोडवते, नाहीतरी पडूनच आहे. आम्ही दोघी हसलो. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तुझं नाव घेतलं. मग पुन्हा. तुझा बाबा तुला आणायला निघाला होता. मी त्याला अडवलं, आणि तुझ्या आजोबांनी माझीच री ओढली. आम्हाला वाटलं, उद्याची दुपार हातात आहे. ती नव्हती.

तिला तू हवी होतीस. गणित पुढच्या वर्षीही देता आलं असतं. फार मोठी चूक केली गं मी, बाळा. शाई पसरली आहे, पुण्यात छप्पर गळतं असं समज.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मी रागावरही भागवीन.
तुझी लीनामावशी


बेहाला, कोलकाता
१८ डिसेंबर

ती. लीनामावशीस सा. न. वि. वि. (आजोबा म्हणतात असंच लिहितात. मला विशेष पटलेलं नाही.)

तुझं पत्र खूप वेळा वाचलं. बाबांना दाखवलं. ते लॅपटॉप बंद करून माझ्याजवळ बसले आणि आम्ही दोघं खूप रडलो. 'पेपरच इथे मागवा' वाचून हसलो पण. आई अगदी असंच बोलायची. तुझा राग आहे, भरपूर आहे. सुट्टीत पुण्याला येऊन समोर काढीन, फोनवर मजा येणार नाही.

पुस्तकाचा शेवट एकदम बकवास निघाला. खुनी ती गोड आत्या, आणि हिरॉइन तिला माफ करून तळ्याकाठी सूर्य बघत बसते. आजोबा म्हणाले, एवढ्यासाठी माझा जीव टांगला होतास? जप्तच ठेवायला हवं होतं. मी सांगितलं की मी काही कुणाला माफबिफ केलेलं नाही. ते म्हणाले, घाई नाही.

आज त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर काल बाबांना म्हणाले की तो डोळा आतून खराब आहे, नीट दिसेलच असं नाही. बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, आजोबांना सांगू नको म्हणून. सकाळी निघताना आजोबांनी सवयीनं हात पुढे केला. मी दही काढलं, साखर घातली, आणि आधी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांचा हात तसाच पुढे होता. मग मी त्यावर दही ठेवलं.

चमच्याला राहिलेलं मी चाटलं.

लोभ तू कर, राग मी सांभाळते.
ईशा