बाबांनी पाहिलेला कारखाना

मयूर विहार, दिल्ली
मंगळवार

प्रिय यशोधन,

फोनवर हे बोलता येत नाही. बाबा पलीकडच्याच खोलीत असतात आणि हल्ली माझा फोन वाजला की टीव्हीचा आवाज बंद करतात. मेसेजमध्येही मावणार नाही, म्हणून लिहितेय.

मी फरिदाबादच्या पंपांच्या कारखान्यात उत्पादन सांभाळायला लागले, तेव्हा बाबांनी फौजेतल्या सुभेदारकीची सगळी पुंजी आमच्याच कंपनीच्या शेअर्समध्ये घातली. मला न विचारता, निव्वळ अभिमानाने. गेल्या महिन्यात भाव तीन आठवड्यांत निम्म्यावर आला. कारखान्यात मात्र काहीच बिघडलं नव्हतं. एका मोठ्या म्युच्युअल फंडातून लोक पैसे काढून घेत होते, ते द्यायला त्याने हाताशी होतं ते विकलं. त्यात आमच्या कंपनीचे शेअर्सही होते. पडता भाव बघून बाकीचे घाबरले, त्यांनीही विकलं. बाबांना हे दहादा समजावलं. त्यांचं एकच, इतकी माणसं उगाच पळत नाहीत, तू काहीतरी लपवतेस. मी नुसती थकून आले तरी त्यांना त्यात कंपनी बुडाल्याची खूण दिसायची.

शेवटी गेल्या गुरुवारी साहेबांची परवानगी काढून त्यांना कारखान्यात नेलं. तिन्ही पाळ्या चालू आहेत. त्यांनी एका पंपावर हात ठेवला, तर ओला रंग बोटांना लागला. मग मला लांब उभं करून गोदामातल्या हरपालजींना विचारलं, माल पडून राहतो का. ते म्हणाले, "साहब, पड़ा कहाँ रहेगा? शाम तक ट्रक ले जाता है." परतताना मेट्रोत बाबांनी माझी बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली. मला वाटलं, मिटलं.

शुक्रवारी भाव आणखी पडला. मी कामावर असताना त्यांनी सगळे शेअर्स विकून टाकले. संध्याकाळी मी म्हटलं, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंत ना. तेव्हा म्हणाले, "मी पाहिलं, अक्षया. विकणाऱ्यांनी कुठे पाहिलंय?"

यावर मला भलतंच सुचलं. मी म्हणाले, "पैसे तुमचे होते, बाबा. मी घालायला सांगितलं नव्हतं." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. ताटावर बसतात, अर्धं जेवून उठतात.

काल त्यांच्या उशीखाली येत्या शनिवारचं पुण्याचं, तुझ्याकडे यायचं तिकीट दिसलं. एकट्याचं, परतीचं नाही. तुला ते गाडीत बसल्यावरच कळवतील. कुरिअर गुरुवारी पोचेल. पत्र मिळाल्याबरोबर त्यांना फोन कर आणि घराचं काम काढलंय, महिनाभर येऊ नका, असं सांग. तुला वाईट वाटेल, त्यांनाही वाटेल. पण एकदा ते तुझ्याकडे आले की परत येणार नाहीत, आणि मला अजून त्यांची माफी मागता आलेली नाही. रोज त्यांच्या दारापर्यंत जाते आणि परत फिरते.

तुझीच,
अक्षयाताई